विहिरींत पडलेला व फासकींत अडकलेला बिबट्या : शेतकऱ्यानें काय करावें व काय करूं नये

जनावरांच्या आजारपणाविषयीं शेतकी मासिकांत जें लिहिण्यांत येतें, तें बहुधा गाय, बैल, म्हैस व शेळी यांच्यासंबंधानें असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारीं कधीं कधीं असा एक रोगी येतो कीं, त्याला कोणीं बोलाविलेलें नसतें, त्याला हात लावण्याची सोय नसते, आणि तरीहि त्याच्या शुश्रूषेचे पहिले दोनतीन तास सर्वस्वीं शेतकऱ्याच्याच हातीं असतात. हा रोगी म्हणजे बिबट्या होय. मंडणगडापासून राजापुरापर्यंत कोठें ना कोठें बिबट्या विहिरींत पडतो, किंवा डुकरासाठीं लाविलेल्या फासकींत अडकतो. सकाळीं पाण्यास गेलेल्या बाईस विहिरींतून गुरगुर ऐकूं येते, अथवा काजूच्या बागेंत तारेशीं झुंजणारें जनावर दृष्टीस पडतें. घटकाभरांत वाडी जमते, पाठोपाठ गांव जमतो, आणि मग वनखात्यास व गुरांच्या डॉक्टरांस बोलावणें जातें.

डॉक्टर आले म्हणजे जनावर वांचलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. डॉक्टर येऊन पोंचेपर्यंत जनावराच्या शरीरांत जें बिघडावयाचें तें पुष्कळ वेळां बिघडून गेलेलें असतें, आणि तें बिघडण्यास तार किंवा पाणी यांच्याइतकीच भोंवतालची गर्दी कारण होते. शिवाय घाबरलेला बिबट्या सुटला तर जखमी होतो तो बहुधा जवळ उभा असलेला माणूसच. यास्तव अशा प्रसंगीं जनावराच्या अंगांत काय घडत असतें, डॉक्टर काय करितात व कां करितात, आणि तोंपर्यंत आपण काय करावें, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणें अगत्याचें आहे.

बिबट्या वस्तीजवळ कां राहतो :— बिबट्या हें केवळ घनदाट अरण्यांतलें जनावर, तो चुकून गांवांत शिरतो, ही कल्पना आतां टिकत नाहीं. तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात व रान म्हणण्यासारखें रान नाहीं. तरीहि दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळले. त्याच भागांतील बिबट्यांची विष्ठा तपासली असतां त्यांच्या अन्नापैकीं वजनानें शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा, आणि एकूण अन्नाचा शेंकडा ३९ भाग तर केवळ कुत्र्यांचा निघाला. कोंकणांत उसाचे मळे क्वचित् असतील, परंतु आंब्या-काजूच्या बागांमध्यें वाढलेली झुडपें, गडग्यांच्या आडोशाच्या जागा, पऱ्यांचे कांठ व देवराया हीं सर्व त्यास दिवसा लपण्यास पुरेशीं आहेत, आणि रात्रीं खावयास वाडींतलीं मोकाट कुत्रीं आहेतच. म्हणजे बिबट्या हा आपला शेजारीच आहे. तो रात्रीं फिरतो व माणसास टाळतो, म्हणून तो आपणांस दिसत नाहीं, इतकेंच. तो दिसतो तो बहुधा संकटांत सांपडल्यावर.

विहिरीचा अपघात :— आपल्याकडील शेतांतल्या कित्येक जुन्या विहिरी जांभ्यांत खणलेल्या, जमिनीशीं सपाट व बिनकठड्याच्या आहेत. भोंवतीं रान माजलेलें असतें. रात्रीं कुत्र्यामांजरामागें धांवणाऱ्या बिबट्यास हें तोंड दिसत नाहीं, व शिकार आणि शिकारी दोघेंहि आंत पडतात. भर पावसाळ्यांत पाणी कांठाशीं आलेलें असल्यास तो आपण होऊन बाहेर निघूं शकतो. परंतु माघापासून पुढें पाणी खोल जातें, भिंत सरळ असते व ओल्या जांभ्यावर नखें टिकत नाहींत.

बिबट्यास पोहतां येतें, परंतु तासन् तास पोहत राहणें ही निराळी गोष्ट आहे. पाय थकतात, अंगांतील उष्णता पाण्यांत निघून जाते, श्वास लागून पाणी फुप्फुसांत शिरतें. आणि वर आल्यावरहि अशा जनावरास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं फुप्फुसाची सूज येऊन तें दगावूं शकतें. म्हणून अशा वेळीं पहिलें काम वर काढण्याचें नसून टेकण्यास आधार देण्याचें आहे. घरांतली बाज, रुंद फळी किंवा रिकाम्या पिंपांवर बांधलेला लांकडांचा ताफा घेऊन चारी कोंपऱ्यांस मजबूत दोर बांधावे, आणि जनावराच्या अंगावर न टाकतां त्याच्या बाजूस हळू हळू पाण्यावर सोडावा. दोराचीं टोकें जवळच्या झाडास बांधावीं. हातांत धरून कांठावर वांकूं नये, कारण कडेची माती ढांसळण्याची भीति असते. बिबट्या त्या बाजेवर चढून बसला म्हणजे निम्मी शुश्रूषा झाली असें समजावें. मग दोनचार तास लागले तरी बाध येत नाहीं.

दुसरें काम विजेचें. विहिरीवर पंप असेल तर त्याचा प्रवाह मुख्य बटणापासून बंद करावा. तिसरें काम माणसें दूर नेण्याचें. विहिरीच्या तोंडाशीं चारी बाजूंनीं डोकीं दिसूं लागलीं कीं जनावर आधार सोडून पुन्हां पाण्यांत उडी घेतें आणि भिंतीवर झेपा घालून उरलेली शक्ति दवडतें. खडे मारणें, काठी टोंचणें, आरडाओरड करणें किंवा जाळ करून टाकणें यांपैकीं कोणतीहि गोष्ट करूं नये, हें वेगळें सांगावयास नको. तरी तें प्रत्येक वेळीं सांगावें लागतें.

यापुढें वनखात्याची माणसें पिंजरा सोडतात व बिबट्या त्यांत आपण होऊन शिरतो. विहीर फार खोल नसेल आणि जनावर धडधाकट दिसत असेल तर याहूनहि सोपा एक उपाय आहे : बांबूची शिडी किंवा पोफळीचें खोड तिरपें सोडावयाचें, वस्ती नाहीं त्या बाजूची वाट मोकळी ठेवावयाची, आणि सर्वांनीं दूर निघून जावयाचें. काळोख पडल्यावर तो चढून निघून जातो. यांत औषध नाहीं, सुई नाहीं, प्रवास नाहीं. म्हणून जनावराच्या दृष्टीनें हाच उपचार उत्तम. मात्र हा निर्णय वनखात्यानें घ्यावयाचा आहे, गांवानें नव्हे. “डॉक्टर बंदूक घेऊन आले आहेत तर विहिरींतच सुई कां मारीत नाहींत?” असें लोक विचारतात. पाण्यांतल्या जनावरास भूल दिली तर मान लुळी पडून नाक पाण्याखालीं जातें व तें बुडून मरतें, हें त्याचें उत्तर होय.

फासकी :— विहिरीचा अपघात दैवाचा म्हणतां येईल. फासकीचा तसा नाहीं. रानडुकरें भात, नाचणी व कंदमुळें यांची नासाडी करितात, आणि एका रात्रींत वर्षाची मेहनत मातीस मिळते, ही गोष्ट खरी आहे. ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यावर गडग्याच्या खिंडींत दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास लावून ठेवणें हा उपाय आंधळा आहे. जो प्राणी त्या वाटेनें येईल तो त्यांत सांपडतो. मग तें डुक्कर असो, भेंकर असो, शेजाऱ्याचा कुत्रा असो, कीं बिबट्या असो.

फास पायास बसला तर तारेखालील भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. मानेस बसला तर श्वास कोंडतो. कमरेस बसला तर प्रत्येक हिसड्यागणिक तार पोटांत रुतत जाते. वरून कातडीवर बारीकशी रेघ दिसते, आंत मात्र आंतडीं, मूत्राशय किंवा पाठीचा कणा दुखावलेला असतो. पुष्कळदां असा बिबट्या तार तोडून सोडविल्यावर उठून उभा राहतो, लोक टाळ्या वाजवितात, आणि दुसऱ्या दिवशीं तो मरतो. लोकांस वाटतें, भुलीचें औषध अधिक झालें. खरें कारण बहुधा निराळें असतें.

तें कारण समजण्यासाठीं जुन्या टांगेवाल्यांच्या अनुभवांतलें उदाहरण घेऊं. घोड्यास दोनतीन दिवस विश्रांति व भरपूर दाणा देऊन एकदम जड कामास जुंपलें तर त्याचे पुठ्ठे लांकडासारखे ताठरतात, त्यास दरदरून घाम सुटतो व लघवी काळपट तांबडी होते. स्नायूंवर त्यांच्या शक्तीबाहेर ताण पडला कीं त्यांचे तंतू फुटतात व त्यांतील तांबडें द्रव्य रक्तांत उतरतें. तें गाळतां गाळतां मूत्रपिंडें निकामी होतात. फासकींतल्या बिबट्याच्या अंगांत हेंच, पण कितीतरी अधिक वेगानें, घडतें. भीतीमुळें हृदय जोरानें धडधडत असतें, जिवाच्या आकांतानें स्नायू ओढले जात असतात, उन्हांत अंग तापत असतें, आणि रक्तांत आम्ल सांठत जातें. कांहीं जनावरें जागच्या जागीं मरतात, कांहीं तासांनीं मरतात, तर कांहीं चारसहा दिवसांनीं मूत्रपिंडें बंद पडून मरतात. या विकारावर हमखास औषध नाहीं. शिरेंतून द्रव देणें, आम्लता कमी करणें, अंग थंड करणें एवढेंच डॉक्टरांस शक्य असतें. खरा उपाय म्हणजे जनावरास झुंजूं न देणें, आणि तो डॉक्टर येण्यापूर्वींच करावयाचा असतो.

येथेंच गर्दीचा दोष कळून येतो. बिबट्या एकटा असेल तर थोडा वेळ धडपडून दमतो व दबून बसतो. माणूस जवळ आला, कोणीं हांक मारली, छायाचित्र घेण्यासाठीं कोणी पुढें सरला, कुत्रें भुंकलें, कीं तो पुन्हां सर्व बळानें उसळतो. तार आणखी रुतते, आणखी तंतू फुटतात. शंभर माणसांनीं दोन तास घातलेला गराडा म्हणजे शेंकडों हिसडे होत. म्हणून माणसांनीं निदान शंभर-दीडशें पावलें मागें, आणि शक्य तर बिबट्याच्या नजरेआड राहावें, कुत्रीं बांधून ठेवावीं, व गांवांतल्या दोनतीन समंजस मंडळींनीं वाटेवर उभें राहून येणाऱ्यांस थोपवावें. तार तोडण्याचा प्रयत्न कोणींहि करूं नये. सुटलेला बिबट्या प्रथम समोरच्या माणसावर जाईल, हें एक. आणि दुसरें असें कीं, बराच वेळ आवळलेला भाग एकदम मोकळा झाला म्हणजे तेथें सांठलेलीं विषारी द्रव्यें एकाएकीं हृदयाकडे जातात. तार तोडावयाची ती जनावर भुलींत असतांना, डॉक्टरांच्या देखत.

डॉक्टरांस काय सांगावें :— मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, तें मुख्यत्वें घोडे व गुरें यांच्यासाठीं. रानांतल्या जनावरांच्या औषधोपचाराची विद्या आपल्याकडे फार मागाहून वाढली. आजहि तालुक्याच्या दवाखान्यांतील ज्या पशुवैद्यास बोलावणें जातें, त्याचा रोजचा रोगी गाय किंवा म्हैसच असते. गाईस तो प्रथम हात लावतो, ताप पाहतो, पोट चांचपतो, व मग औषध देतो. बिबट्याच्या बाबतींत हा क्रम उलटा होतो. प्रथम सर्वांत जोखमीचें औषध, म्हणजे भूल, द्यावयाची, आणि मग रोग्यास हात लावावयाचा. तोंपर्यंत त्यास आधार असतो तो पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हकीकतीचा.

म्हणून पुढील गोष्टी नीट ध्यानांत ठेवून, अतिशयोक्ति न करितां, डॉक्टरांस सांगाव्या : जनावर प्रथम कोणीं व किती वाजतां पाहिलें, रात्रीं ओरडणें किंवा कुत्र्यांचा गलबला केव्हां ऐकूं आला, फास कोणत्या अवयवास आहे, मागचे पाय हालतात कीं ओढले जातात, श्वास तोंड उघडें ठेवून घेतो काय, लघवी झाली असल्यास तिचा रंग कसा होता, तोंडांतून लाळ किंवा रक्त येतें काय, आसपास पिल्लें दिसलीं काय, तारेचें दुसरें टोंक कशास बांधलें आहे व तें पक्कें आहे कीं नाहीं. ही शेवटची गोष्ट तर जिवावरची आहे. फास आपल्याच शेतांत असेल तर भीतीनें ती लपवूं नये; तारेची माहिती न मिळाल्यामुळें एखादा वनरक्षक प्राणास मुकूं शकतो.

भूल देण्याचें शास्त्र :— दुरून सुई मारण्यासाठीं दाबलेल्या वायूवर चालणारी बंदूक किंवा लांब फुंकनळी वापरतात. सुई मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूंत बसावी लागते. पोटांत किंवा बरगडींत बसली तर औषधापेक्षां जखमच मोठी व्हावयाची. औषधाचें प्रमाण वजनावर असतें, आणि वजन नजरेनेंच ठरवावें लागतें. मोठा नर साठ-सत्तर किलोचा, तर लहान मादी तीस किलोचीहि असते. चूक झाली तर एक अर्धवट जागा राहतो व दुसऱ्याचा श्वास मंदावतो. बहुधा झायलाझीन व केटामीन या दोन औषधांचें मिश्रण देतात. पहिल्यानें जनावर शिथिल होतें, दुसऱ्यानें त्यास आजूबाजूची जाणीव राहत नाहीं. जनावर शांत असल्यास दहापंधरा मिनिटांत गुण येतो; परंतु तें चवताळलेलें असल्यास भीतीमुळें रक्तांत उतरलेलीं द्रव्यें औषधास दाद देत नाहींत. लोक अशा वेळीं “औषध जुनें असेल” म्हणून डॉक्टरांस दोष देतात. वास्तविक दोष गलबल्याचा असतो.

भुलींतल्या बिबट्याचे डोळे उघडेच राहतात. त्यामुळें तो जागा आहे असें वाटून लोक पळतात, किंवा उलट तो मेला असें समजून जवळ जातात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. पापणी मिटत नसल्यामुळें डोळे कोरडे पडूं नयेत म्हणून त्यांत मलम घालतात व वर कापड बांधतात. या कापडानें उजेड व हालचाल दिसेनाशी होऊन जनावर शांतहि राहतें. भुलींत शरीराची उष्णता सांभाळण्याची शक्ति मंदावते. म्हणून दर थोड्या वेळानें ताप पाहतात, उन्हाळ्यांत अंगावर पाणी ओततात, आणि विहिरींतून निघालेल्या गारठलेल्या जनावरास उलट गोणपाटांत गुंडाळतात. ओकारी होऊन घशांत अडकूं नये म्हणून मान जरा पुढें व तोंड खालीं ठेवतात. हें सर्व चालू असतांना वीसपंचवीस मिनिटांत जखम धुणें, टांके घालणें, द्रव देणें, रक्त घेणें व पिंजऱ्यांत ठेवणें आटोपावें लागतें. शेवटीं पहिल्या औषधाचा उतारा देतात. या कामांत गांवाची मदत एकच : शांतता, आणि मागितल्यास सावली, पाणी व चार धट्टेकट्टे गडी.

पकडलेला बिबट्या दूर कां नेत नाहींत :— “हा आतां येथें सोडूं नका, दूर कोयनेच्या रानांत न्या,” ही मागणी प्रत्येक ठिकाणीं होते. ती समजण्यासारखी आहे, पण हिताची नाहीं. जुन्नर भागांत २००१ पासून २००३ पर्यंत बिबटे मोठ्या संख्येनें पकडून अन्यत्र सोडण्यांत आले. त्यापूर्वीं तेथें माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी चार होत. त्या काळांत ते सतरांवर गेले. बिबट्यास आपल्या मुलखांतील वाटा, पाणवठे व माणसांच्या वेळा ठाऊक असतात. अनोळखी मुलखांत, जखमी व भ्यालेल्या स्थितींत सोडलेला प्राणी गोंधळतो, भटकतो व माणसाच्या आड येतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी, बिबट्या धरतो.

मूळ ठिकाणाची ओढ किंवा चालण्याची शक्ति किती असते याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींतून काढलेला एक वयस्क नर, गळ्यांत संदेश पाठविणारा पट्टा घालून, माळशेज घाटांत सोडला. त्याचें नांव ‘आजोबा’ ठेवलें होतें. तो सुमारें १२० किलोमीटर चालून, रेल्वे, महामार्ग व खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि एवढ्या प्रवासांत त्यानें कोणा माणसास इजा केली नाहीं. २०११ सालीं तो वाहनाच्या धडकेनें मेला. केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयानें २०११ च्या एप्रिलांत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतहि बिबटे पकडून दूर सोडण्याचा मार्ग टाळावा असेंच म्हटलें आहे. म्हणून विहिरींतून निघालेला निरोगी बिबट्या जवळच्याच रानांत, लोकांस न कळवितां, रात्रीं सोडतात. ज्याचा पाय गेला, दांत तुटले किंवा कणा मोडला, त्यास मात्र जुन्नरजवळील माणिकडोहासारख्या निवारा केंद्रांत आयुष्यभर सांभाळावें लागतें. ती जनावराची सुटका नव्हे, जन्मठेपच होय. म्हणूनच प्रथम उपचार महत्त्वाचे.

पिल्लें सांपडल्यास :— काजूच्या बागेंत, गवताच्या उडवीमागें किंवा पडक्या मांगरांत पिल्लें सांपडलीं तर तीं पोरकीं आहेत असें समजूं नये. आई शिकारीस गेलेली असते किंवा माणसें पाहून जवळच दबलेली असते. पिल्लांस हात लावूं नये, गाईचें दूध पाजूं नये, घरीं नेऊं नये. माणसें मागें घेऊन वनखात्यास कळवावें. डॉक्टर पिल्लें तपासून गोचिड्या काढतात, आणि संध्याकाळीं त्याच जागीं उघड्या टोपलींत किंवा पेटींत ठेवितात. जुन्नर भागांत उसाच्या तोडणींत सांपडलेलीं कितीतरी पिल्लें या रीतीनें आईनें परत नेलीं आहेत. पिल्लें उचलून नेलीं तर चवताळलेली मादी त्याच वाडीभोंवतीं घिरट्या घालते, व मग खरा धोका उत्पन्न होतो.

कुत्र्यांचे रोग व माणसाची जखम :— बिबट्याचें निम्म्याजवळ अन्न जेथें कुत्रें आहे, तेथें कुत्र्याचा रोग तो बिबट्याचा रोग होण्यास वेळ लागत नाहीं. गीरच्या रानांत २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेवीस सिंह मेले. तपासणींत कांहींच्या शरीरांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सांपडले. पिसाळ तर कुत्रा, बिबट्या, गाय व माणूस या सर्वांस सारखाच मारक. यास्तव वाडींतल्या कुत्र्यांस प्रतिवर्षीं पिसाळाची लस टोंचणें व त्यांची संख्या आटोक्यांत ठेवणें हें काम कुत्र्यांपुरतें नाहीं. तें गोठा, माणूस व रान यांचें एकत्र रक्षण आहे. कुत्रीं कमी झालीं कीं त्यांच्या मागें येणारा बिबट्याहि वाडीपासून दूर राहतो.

बिबट्यानें कोणास ओरखडलें किंवा चावा घेतला तर ती जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून निदान पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तंबाखू कांहीं भरूं नये; घट्ट बांधूं नये; आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जाऊन पिसाळाची व धनुर्वाताची लस घ्यावी. जखम लहान दिसते म्हणून ही गोष्ट टाळूं नये.

आधींच करावयाचीं कामें :— वरील सर्व उपचारांपेक्षां स्वस्त व खात्रीचे उपाय तीन आहेत. पहिला, विहिरीस कठडा. घरच्या जांभ्याचा साडेतीन-चार फूट उंचीचा कठडा उन्हाळ्यांत पंधरवड्याचें काम आहे; तें न जमल्यास तोंडावर लोखंडी जाळी बसवावी. त्यानें बिबट्याच काय, गाय, वासरूं आणि खेळणारें पोरहि वांचतें. दुसरा, शेळ्यांचा गोठा चहूं बाजूंनीं व वरूनहि बंद करणें. कुडाच्या भिंतींतून बिबट्या सहज शिरतो. तिसरा, फासकीचा त्याग. डुकरांसाठीं वाडीनें मिळून उभारलेली राखण, दुरुस्त ठेवलेला गडगा, किंवा सौर ऊर्जेवर चालणारें व थोडा झटका देणारें मान्य पद्धतीचें कुंपण हे उपाय खर्चाचे असले तरी डोळस आहेत. घरगुती वीज तारेंत सोडणें मात्र कदापि करूं नये. त्यांत माणसें मेलीं आहेत.

कायद्याची बाजूहि स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणें बिबट्या पहिल्या अनुसूचींत आहे, व ‘शिकार’ या शब्दांत फासे लावणेंहि येतें. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैद व निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. डुकरासाठीं फास लावला होता, ही सबब चालत नाहीं. कारण डुक्कर देखील परवान्यावांचून मारतां येत नाहीं. उलटपक्षीं बिबट्यानें गुरूं मारल्यास शेतकऱ्यास भरपाई मागण्याचा हक्क आहे. त्यासाठीं ४८ तासांच्या आंत जवळच्या वन अधिकाऱ्यास कळवावें आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलें गुरूं जागचें हालवूं नये. पुष्कळ शेतकरी गुरूं पुरून मोकळे होतात व मग भरपाई नाकारली म्हणून रागानें फासकी लावतात; हा दुहेरी तोटा आहे.

वनखात्यास कळविण्यासाठीं १९२६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. आपल्या जिल्ह्याचें वनविभागाचें कार्यालय चिपळुणास आहे, आणि राजापुराकडील गांव तेथून शंभर किलोमीटरांहून अधिक लांब पडतो. स्थानिक वनरक्षक लवकर आला तरी पिंजरा, बंदूक व डॉक्टर हीं तिन्ही एकत्र येण्यास वेळ हा लागणारच. तो वेळ गांवाचा आहे. त्या अवधींत एक बाज, चार दोर, बंद केलेलें बटण, बांधलेलीं कुत्रीं व मागें हटलेली गर्दी एवढ्या सामग्रीवर बिबट्याचा जीव आणि बघ्यांची सुरक्षितता अवलंबून असते. ग्रामसभेंत एकदां बसून, अशा प्रसंगीं कोणीं कळवावें, कोणीं वाट अडवावी व बाज कोणाकडून आणावी, एवढें जरी ठरवून ठेविलें तरी हें लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. आणि ज्या शेताच्या कडेस आज तार लावलेली असेल, त्या शेतकऱ्यानें उद्यां सकाळीं ती स्वतःच्या हातानें काढून टाकावी, ही आमची कळकळीची विनंति आहे.